तुमचं वर्ष

अभिनंदन! क्लबच्या अध्यक्षपदाची कॉलर गळ्यात पडली, टेबलावरची घंटा हाताशी आली, आणि इथून पुढे आयुष्यभर कुठलंही वाक्य ‘माझ्या वर्षात’ या दोन शब्दांनी सुरू करायचा परवाना तुम्हाला मिळाला. राजांच्या कारकिर्दी असतात, तशी सेवाभावी क्लबांत अध्यक्षांची वर्षं असतात. रोटरी आणि लायन्सचं वर्ष जगभर 1 जुलैला उगवतं आणि 30 जूनला मावळतं. तुमच्या क्लबचं नाव काहीही असो, हाती बाराच महिने आहेत. तेव्हा समाजाला कशाची गरज आहे वगैरे प्रश्नांत वेळ दवडू नका. बारा महिन्यांत ज्याची फीत कापून होते, त्याचीच समाजाला गरज आहे असं धरून चाला.

पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एका शाळेचं पत्र येईल. मुख्याध्यापिका लिहितील की, आपल्या क्लबने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या जलशुद्धीकरण यंत्राची कँडल बदलायची वेळ होऊन गेली आहे, तरी कृपया सहकार्य व्हावं. पत्र साधं असेल, अक्षर सुवाच्य असेल. वाचून तुमच्या मनात येईल, एवढंच ना, उद्या बदलून टाकू. थांबा. नवख्या अध्यक्षाचा पाय नेमका इथेच घसरतो. यंत्र दोन वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे ते ‘त्यांच्या’ वर्षातलं आहे. कँडल तुम्ही बदललीत, तरी भिंतीवरच्या पाटीवर नाव त्यांचंच राहणार. शिवाय कँडल बदलायला प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला बोलवणार? पाच मिनिटांचं काम, एक पाना लागतो, हात ओले होतात. मुदत टळलेली कँडल पाणी नीट जाऊ देत नाही आणि तिच्यावरच जंतूंची वस्ती होऊ शकते, हे खरं. पण जंतूंच्या वस्तीला आपल्याकडे वेगळी उपसमिती नाही. पत्र फाइलला लावा.

तुम्हाला वाटेल की ही काटेकोर वृत्ती या चळवळीत पहिल्यापासून असेल. दुर्दैवाने तसं नाही. सुरुवात फारच अव्यवहारी माणसांनी केली. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत तीन ओळखीच्यांना गोळा करून रोटरीची पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून नाव रोटरी. इथवर ठीक होतं. पण दोनच वर्षांनी, 1907 मध्ये, या मंडळींनी सार्वजनिक कामासाठी काय निवडावं? शौचालय! शहराच्या मध्यभागी सार्वजनिक शौचालय हवं म्हणून ते मोहीम काढून बसले. बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला, की आमच्या गुत्त्यांमधून पुरुषांची सोय आहेच. मोठ्या दुकानांनी सांगितलं, बायकांची सोय आमच्याकडे आहे. आधी गिऱ्हाईक व्हायचं, मग सोय, असा तो सरळ हिशोब होता. तरी क्लब हटला नाही. शौचालयासमोर रांगेत उभं राहून, दोन बोटं वर करून फोटो काढता येत नाही हे कळायला त्या काळात अनुभवी जनसंपर्क प्रमुख नव्हते, दुसरं काय.

लायन्सचीही तीच तऱ्हा. त्यांच्या 1925 सालच्या अधिवेशनात अंध-बधिर लेखिका हेलन केलर आल्या आणि अंधांसाठी लढणारे सरदार व्हा, असं त्या मंडळींना म्हणाल्या. आपण असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या, पुष्पगुच्छ दिला असता, मासिकात पानभर फोटो छापला असता आणि पुढच्या वक्त्याकडे वळलो असतो. त्यांनी मनावर घेतलं. एवढी वर्षं झाली तरी त्यांचे क्लब अजून डोळ्यांच्याच मागे आहेत. त्या भाषणाची तारीख होती 30 जून. आज आपण ज्या दिवशी वर्षाची फाइल बंद करतो, त्या दिवशी त्या बाईंनी शंभर वर्षांची फाइल उघडून ठेवली.

पण सर्वांत वाईट उदाहरण पोलिओचं. रोटरीने 1985 मध्ये तो विडा उचलला. 1988 मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा 125 हून अधिक देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख रुग्ण होत होते. आज मूळच्या, म्हणजे जंगली विषाणूचा अखंड वावर उरलाय तो अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोन देशांत. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येक क्लबात या काळात चाळीस तरी अध्यक्ष होऊन गेले असतील. त्यांतल्या प्रत्येकाने आधीच्याचंच काम पुढे ढकललं. लशीचे गार डबे वाहिले, दारोदार फिरले, आणि ‘माझ्या वर्षात पोलिओ गेला’ असं म्हणायची सोय एकालाही राहिली नाही. चाळीस वर्षं एकच प्रोजेक्ट! कल्पकतेचं एवढं दुर्भिक्ष तुमच्या क्लबवर न येवो.

आता तुमच्या उपक्रमांकडे वळू. वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत अहवाल भरगच्च दिसला पाहिजे, कारण प्रांतपालांची, म्हणजे अनेक क्लबांवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या पदाधिकाऱ्याची, भेट कधीही ठरते.

रक्तदान शिबिर घ्याच. मात्र दिवस निवडताना बाकीच्या सगळ्या संस्था ज्या दिवशी घेतात तोच निवडा. लाल पेशी शीतपेटीत 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर साधारण पाचच दिवस, आणि एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुन्हा द्यायला काही आठवडे ते काही महिने थांबावं लागतं. त्यामुळे आजार आणि अपघात वर्षभर विखुरलेले असतात तसे दातेही विखुरलेले हवेत, असं रक्तपेढीचे लोक सांगतील. सांगू द्या. एकाच दिवशी पाच शिबिरं झाली की आकडा गोल होतो. गोल आकडा बॅनरवर मावतो.

वृक्षारोपणाबद्दल फार सांगत नाही; तुम्हाला ते येतंच. खड्डे गेल्या वर्षीचेच वापरा, मोकळेच असतील.

अहवालात लाभार्थींचा आकडा हा खरा कसोटीचा भाग. इथे एक अडथळा आहे. हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये बुडीत चाललेली एक कंपनी सावरण्यासाठी चार प्रश्न तयार केले होते. पुढे रोटरीने ते आपलेसे केले आणि अनेक क्लबांत ते सभेत म्हटले जातात. त्यांतला पहिलाच प्रश्न आहे: हे सत्य आहे का? म्हणायला काहीच हरकत नाही, ठणठणीत आवाजात म्हणा. मग बसून हिशोब करा. बसथांब्याजवळ एक बाक दिलात. त्यावर एका वेळी तीन माणसं बसतात. दिवसाचे बारा तास, दर दहा मिनिटांनी नवी तीन माणसं धरा, गुणिले 365. उभे राहणारेही धरा, कारण बसणाऱ्यांमुळे त्यांना उभं राहायला मोकळी जागा मिळाली. एका बाकातून लाखाच्या घरात माणसं सहज निघतात. आणि शाळेच्या त्या यंत्राचे लाभार्थी? ते दोन वर्षांपूर्वी मोजून झाले. एका मुलाची तहान दोनदा मोजायची नसते.

मात्र अहवाल हा नुसता प्रस्तावनेचा मजकूर आहे. अध्यक्षाची खरी उंची कळते ती निधी संकलनाच्या कार्यक्रमात. उद्दिष्ट मी सुचवतो: पाच शाळांना पाच नवी कोरी जलशुद्धीकरण यंत्रं. तुमच्या तोंडावर जुन्या शाळेची कँडल येईल, गिळून टाका. ‘देखभाल’ या शब्दाला जगात कुठेच देणगी मिळत नाही. देणगीदाराला पाटी हवी असते, आणि कँडलवर पाटी बसत नाही.

कार्यक्रम म्हणजे संगीत रजनीच हवी. सभागृह, ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, कलाकारांचं मानधन, निमंत्रणपत्रिका, आणि स्मरणिका. स्मरणिका जाड असावी. पहिल्या पाचपन्नास पानांत शुभेच्छासंदेश आणि सभासदांचे सपत्नीक फोटो, उरलेल्यांत जाहिराती. ती कोणी वाचत नाही ही तिची जमेची बाजू, कारण मुद्रितशोधनाचा खर्च वाचतो. प्रायोजकांचे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे वर्ग करा. तिघांना मिळणारा मान सारखाच असला, तरी सन्मानचिन्हांच्या उंचीत बोटभर फरक ठेवा. प्लॅटिनमवाला सिल्व्हरच्या शेजारी बसला तर तुमचं वर्ष तिथेच संपलं म्हणून समजा.

प्रवेशिका प्रत्येक सभासदाने दहा खपवायच्या, असा ठराव करा. सभासद दहाही स्वतः विकत घेईल आणि मेहुण्यांना फुकट वाटेल. मेहुणे मध्यंतरात उठून जातील. याहून शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे शेजारच्या क्लबशी संधान. या महिन्यात तुम्ही त्यांच्या शंभर प्रवेशिका घ्या, पुढच्या महिन्यात ते तुमच्या शंभर घेतील. तेच पैसे चाकासारखे फिरून जागच्या जागी येतील, आणि दोन्ही अध्यक्षांना विक्रमी विक्री जाहीर करता येईल. मधल्या मधे छापखान्याचं भलं झालं तर त्यालाही लाभार्थींत धरा.

तुमच्या क्लबात एक खजिनदार असेल. बहुधा चष्मा कपाळावर आणि बोलणं कमी. कार्यकारिणीच्या बैठकीत तो हळूच म्हणेल, “साहेब, खर्च वजा जाता शंभरातले वीसही हातात राहत नाहीत. त्यापेक्षा प्रवेशिकेला आणि कपड्यांना जेवढे जातात तेवढे प्रत्येकाने घरी बसून खात्यात टाकले, तर पाचाची सात यंत्रं येतील. त्या जुन्या शाळेची कँडलही.” बैठकीत शांतता पसरेल. गणित बरोबर असल्यामुळे ते खोडायच्या फंदात पडू नका. “बंधुभाव पैशात मोजता येत नाही,” एवढं म्हणा आणि त्याच दमात पुढच्या वर्षाच्या अध्यक्षपदासाठी त्याचं नाव सुचवा. खजिनदाराचं गणित एका रात्रीत सुधारल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

पैशांची दोन खाती ठेवावी लागतील. या क्लबांमधला हा जुना आणि सोवळा नियम आहे: लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामाला, आणि क्लबचा स्वतःचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून. सोवळं आहे म्हटल्यावर शब्द सांभाळून शिवायचं, इतकंच. पाहुण्यांच्या मुक्कामाला ‘कार्यक्रम-पूर्व समन्वय’ म्हणा. पदाधिकाऱ्यांचे कोट एकाच रंगाचे शिवून घेतले तर ती ‘जनजागृती’. एवढंही जमत नसेल तर तुम्ही प्रामाणिक आहात, आणि त्याबद्दल सहानुभूती वाटण्याखेरीज मी काही करू शकत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात एक गोष्ट विसरू नका: मोठा धनादेश. दारापेक्षा रुंद, चार जणांनी धरायचा. तो फोममधून कापून, छापून, वाहून आणायला जो खर्च येतो, त्यात किती कँडल आल्या असत्या हे विचारायला खजिनदार आता येणार नाही. तो तुमच्या उजव्या हाताला, धनादेशाचा कोपरा धरून उभा असेल.

हिशोब होईल तेव्हा पाचाऐवजी दोन यंत्रं येतील. गडबडू नका. दोन आली तो ‘पहिला टप्पा’, आणि राहिलेल्या तीन यंत्रांचा दुसरा टप्पा पुढच्या अध्यक्षाच्या वर्षात ढकला. तो तिथून तुमच्या कँडलच्या पत्रासारखाच फाइलला लागेल; काळजी नको.

मग एके दिवशी 30 जून येईल. कॉलर काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालताना गळा जड होईल, हे स्वाभाविक आहे. त्या गडबडीत, निरोपाच्या भाषणाचा कागद शोधताना, तुम्हाला शाळेचं आणखी एक पत्र सापडेल. अक्षर तेच, सुवाच्य. मुख्याध्यापिकांनी लिहिलं असेल, की आपणास वारंवार त्रास दिल्याबद्दल क्षमस्व. शिक्षकांनी आपसात वर्गणी काढली आणि शिपायाने रविवारी येऊन कँडल बदलली, पाणी आता व्यवस्थित येतं आहे. सुट्टीत भिंतीला रंग द्यायचा आहे, तरी यंत्रावरची क्लबची पाटी काढली तर चालेल का?

या पत्राला मात्र त्याच दिवशी उत्तर द्या.