नोंदीतून गेला, मोबाइलमध्ये राहिला

संसदेतल्या शिवराळ भाषेवरच्या तुमच्या लेखातलं 'अध्यक्षांनी अपशब्द कामकाजातून काढला की विषय संपतो' हे म्हणणं अजिबात पटलं नाही. लोकसभेच्या नियम ३८० नुसार शब्द वगळला जातो तो अधिकृत नोंदीतून. थेट प्रक्षेपणातून तोवर तो घरोघरी पोचलेला असतो. आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर असे वगळलेले शब्दच सगळ्यांना पाठ. बजेटवर कोण काय बोललं ते विचारा, सगळे गप्प!

आणि शिवराळ बोलणाऱ्या खासदारांच्या निलंबनाचं म्हणाल, तर डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले १४६ खासदार निलंबित झाले ते संसदेच्या सुरक्षाभंगावर निवेदन मागत गोंधळ घातला म्हणून, शिवराळ बोलले म्हणून नव्हे. आपल्या पुण्यात जन्मलेले समाजवादी खासदार मधू लिमये नियमांवर बोट ठेवूनच मंत्र्यांना घाम फोडायचे.