मिश्र गटांमुळे मार्क बुडतात, हे खरं नाही

प्रोजेक्टचे गट पाडायची वेळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. आमच्या रत्नागिरी-चिपळूणकडे तो यंदाही फिरतोय. म्हणणं असं: गट मुलांनाच निवडू द्या, वेगवेगळ्या गावांची, भाषांची, घरांची मुलं एकत्र आली की भांडणं होतात, काम रखडतं, हुशार मुलांचे मार्क जातात, आणि हे संशोधनानं सिद्ध झालंय. इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट मी बघते, म्हणून हे उत्तर.

आधी संशोधनाचं. वॉटसन, कुमार आणि मायकेलसन यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांच्या गटांचा १७ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला एकसारख्या मुलांचे गट पुढे होते. शेवटी एकूण कामगिरी बरोबरीला आली आणि प्रश्नाच्या जास्त बाजू नि जास्त पर्याय शोधण्यात मिश्र गट पुढे गेले. मेसेजमध्ये फक्त पहिल्या आठवड्यांचं चित्र आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी गट पडतात गणपतीची सुट्टी संपल्यावर आणि सबमिशन असतं दिवाळीच्या तोंडावर. मिश्र गटाला जो वेळ लागतो, नेमका तोच आपण देत नाही.

भांडणं होतात, हे मान्य. पण भांडण झालं म्हणजे काम बिघडलं, असं होत नाही. फिलिप्स, लिल्जेनक्विस्ट आणि नील यांच्या २००९ च्या प्रयोगात तीन ओळखीच्या विद्यार्थ्यांत चौथा बाहेरचा आला, तेव्हा गटांना आपल्या उत्तराची खात्री कमी वाटली, तरी बरोबर उत्तरं जास्त आली. अवघडलेपण म्हणजे अपयश नव्हे.

‘दोस्तांचा गट काम चांगलं करतो’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सुकट वाळवायच्या सोलर ड्रायरचा प्रोजेक्ट घ्या. एका हॉस्टेलच्या चौघांनी सुबक मॉडेल केलं, ट्रेला साधी लोखंडी जाळी लावली. दुसऱ्या गटात हर्णैकडची, मच्छीमार घरातली मुलगी होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "खाऱ्या मासळीनं ही जाळी गंजणार. आणि आई दुपारी मासळी उलटते, तेव्हा ट्रे एका हातानं बाहेर यायला हवा." वाद बराच झाला, पण डिझाइन बदललं. पहिल्या गटात हे ठाऊक असणारं कुणीच नव्हतं आणि चौघांचं एकमत असल्यानं कुणी विचारलंही नाही.

मेसेजमधली एक भीती मात्र रास्त आहे. दोन मुंबईचे मुलगे आणि दोन गावच्या मुली असा गट केला की तो मधोमध फाटतो. लाऊ आणि मर्निगन यांनी १९९८ मध्ये हाच धोका मांडला होता. त्यावर उपाय आहे: मुंबईची एक मुलगी, गावचा एक मुलगा असे धागे आडवेतिडवे गुंफायचे. आणि नुसती आडनावं वेगळी असली म्हणून मार्क वाढत नाहीत, घटतही नाहीत. फरक पडतो तो कुणाला काय येतं, काय माहीत आहे, याचा. गट पाडताना ते विचारायला हवं.

राहिला हुशार मुलांच्या मार्कांचा प्रश्न. तो मार्क देण्याच्या पद्धतीचा आहे. गटाला सरसकट एकच आकडा देऊ नका. प्रत्येकाची तोंडी वेगळी घ्या, कामाची वही दर आठवड्याला तपासा आणि कुणी किती केलं हे गटातल्या मुलांकडूनही लिहून घ्या.