खरखर पुसण्याआधी

मिलानमध्ये माझं हे बारावं वर्ष. या दिवाळीत मी ऑपेरा गायिका मारिया कॅलसच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संच घेतला आणि फराळाच्या ताटाशेजारी ठेवून त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. १३१ सीडी, तीन ब्ल्यू-रे आणि एक डीव्हीडी. कॅलसच्या जन्मशताब्दीला, २०२३ साली, वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीनं हा संच काढला. फोटोवर चकल्यांपेक्षा जास्त चर्चा या डब्याची झाली.

कोल्हापूरहून मामांनी लिहिलं, "अगं, एवढ्या सीडी लावणार कशावर? सगळं यूट्यूबवर आहे की." पुण्याच्या मावसभावाचं म्हणणं, जुनी खरखर काढली की गाण्यातला जीव जातो. मामांचे एक मित्र ग्रुपवर आहेत, ते जुने दर्दी. त्यांनी लिहिलं, गाणं समोर बसून ऐकायचं, रेकॉर्डिंग म्हणजे नुसती सावली. आणि शेवटी नेहमीचं वाक्य आलंच: तिकडं जपतात, आपल्याकडं कदर नाही.

हे वाद आपल्याकडे नवे नाहीत. बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून मी ते लहानपणापासून ऐकत आले आहे. पण इथे राहून, कॅलसचे संच एकापाठोपाठ ऐकून, मला या चारही मतांबद्दल काही सांगावंसं वाटतं.

आधी एक तारीख. १६ सप्टेंबर १९७७. त्या दिवशी पॅरिसमध्ये मारिया कॅलस गेली, त्रेपन्नाव्या वर्षी. त्याच दिवशी सूरश्री केसरबाई केरकरही गेल्या, पंचाऐंशी वर्षांच्या होऊन. अकराच दिवस आधी व्हॉयेजर-१ यान उडालं होतं. त्यातल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. हा योगायोग कळल्यापासून या दोन बायका माझ्या मनात एकमेकींशेजारी बसल्या आहेत. एकीचं एवढं उरलं की डबा दोन्ही हातांनी उचलावा लागतो. दुसरीच्या मोजक्या तबकड्या आणि मैफलींची हातोहात फिरलेली काही मुद्रणं.

आता संचाबद्दल. कॅलसच्या स्टुडिओतल्या सगळ्या मुद्रणांचा ७० सीडींचा डबा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं २००७ साली काढला होता. २०१३ मध्ये ईएमआयचा शास्त्रीय संगीताचा खजिना वॉर्नरकडे आला आणि पुढच्याच वर्षी तीच मुद्रणं ६९ सीडींवर नव्यानं आली. यावेळी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मूळ टेप काढून त्यांच्यावरून पुन्हा सगळं उतरवून घेतलं गेलं. २०१७ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगांच्या मुद्रणांचा ४२ सीडींचा डबा आला. आणि २०२३ मध्ये हे सगळं एकत्र. म्हणजे १९५३ची 'तोस्का', पुच्चीनीच्या ऑपेराचं स्टुडिओ मुद्रण, माझ्या कपाटात आज तीनदा आहे. कंपनी तेच पुन्हा पुन्हा विकते हा आक्षेप खरा आहे. तो मी मान्य करते आणि तरी तिन्ही ठेवते.

कारण ही 'तोस्का' ज्या तऱ्हेनं झाली ती ऐकायची तर टेपच्या जितकं जवळ जाता येईल तितकं हवं. ऑगस्ट महिना, गाव सुट्टीवर गेलेलं, मिलानचं ला स्काला थिएटर रिकामं, आणि आत व्हिक्टर दे साबाता नावाचा वाद्यवृंद-संचालक एकेका ओळीसाठी अडून बसलेला. निर्माते वॉल्टर लेग यांनी लिहून ठेवलंय की स्कार्पिया हा खलनायक गाणाऱ्या तितो गोब्बीला पहिल्या अंकातलं त्याचं गाणं तीस वेळा गायला लावलं. कॅलस दुसऱ्या अंकाच्या शेवटी, स्कार्पियाला मारल्यावर, एकच वाक्य जवळजवळ सूर सोडून, खालच्या आवाजात बोलते: "याच्यापुढे सारं रोम थरथरत होतं." माझ्या जुन्या सीडीवर ते वाक्य सपाट वाटायचं. २०१४च्या सीडीवर त्या शब्दांमागचा श्वास ऐकू येतो. हा श्वास कुणी नव्यानं घातलेला नाही, तो १९५३पासून टेपवर होताच. एलपीच्या काळात कारखान्याकडे जायची ती बहुतेकदा मूळ टेपची नक्कल. आणि दर नकलेत काहीतरी गळतंच.

म्हणून मावसभावाला माझं उत्तर असं की चांगलं रीमास्टर, म्हणजे जुन्या मुद्रणाची नव्यानं केलेली आवृत्ती, हे खरखर पुसणं नव्हे. मुळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाणं, हे पहिलं काम. पुसापुशी त्याच्या कितीतरी नंतर येते, आणि ती अती झाली की त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरतं. आवाजाच्या वरच्या कडा जातात, आकार लोकरीत गुंडाळल्यासारखा येतो. कॅलसच्या संचांबद्दलही रसिकांमध्ये यावरून मतभेद आहेत, आणि काही जण अजून जुन्या एलपीच खऱ्या मानतात.

मला खरा धडा दिला तो प्रयोगांच्या डब्यानं. त्यातल्या १९४९च्या नेपल्समधल्या 'नाबुको'चा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे. १९५२च्या डिसेंबरातला स्कालाचा 'मॅकबेथ' कुठे स्पष्ट, कुठे धुकं. प्रयोगांची अशी मुद्रणं बऱ्याचदा कुणीतरी घरी रेडिओवरून उतरवून घेतलेली, किंवा थिएटरात लपवून केलेली, मग वर्षानुवर्षं चोरून छापलेल्या तबकड्यांवर फिरलेली. लिस्बनच्या २७ मार्च १९५८च्या 'ला त्राविआता'त तर प्रॉम्प्टर कॅलसच्या आधी ओळ सांगतो ती चक्क ऐकू येते. संगीत नाटकं पाहिलेल्या माणसाला ते ऐकून विंगेतला आपला प्रॉम्प्टर आठवेल.

अशा टेपांवर पहिला प्रश्न असतो वेगाचा. टेप मुद्रण करताना एका वेगानं फिरली आणि वाजवताना दुसऱ्या, की पट्टी बदलते. वेग सहा टक्के वाढला तर काळी एकची पांढरी दोन होते, आणि लयही तेवढीच चढते. मग तो वेग ओळखायचा कसा? ऑपेरात वाद्यवृंद कुठल्या सुराला लागलेला असेल याचा अंदाज असतो, आणि स्वरलिपी समोर असते. पण आणखी एक साधन आहे, ते मला फार आवडतं. टेपवर विजेची जी बारीक गुणगुण येते, जी काढून टाका म्हणून सगळे मागे लागतात, तीच वेग सांगते. वीजप्रवाहाची वारंवारता सेकंदाला ५० असेल आणि टेपवर ती गुणगुण ५२ भरत असेल, तर टेप पळते आहे. वीज जरा वरखाली होते, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर भागत नाही, पण सुरुवात त्यानं होते. ती गुणगुण आधी पुसून टाकली तर साक्षीदारच घालवला.

मिलानमध्ये आणि मुंबईत ही वारंवारता एकच आहे, ५०. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

कारण मामांच्या माळ्यावर टेपचं एक स्पूल आहे. डब्यावर माझ्या आजोबांच्या अक्षरात 'केसरबाई' एवढंच. लहानपणी ते मशीनवर लागायचं तेव्हा मामा म्हणायचे, काय तान आहे, वीज आहे वीज. गेल्या उन्हाळ्यात मी त्याची फोनवर केलेली नक्कल पुन्हा ऐकली, आणि मला वाटलं की बाई इतक्या वरच्या पट्टीत गात नसणार. तान बहुधा तेवढी वेगवान नव्हती, टेप वेगानं फिरत होती. जयपूर घराण्याची ती पेचदार तान थोड्या खालच्या पट्टीत, थोड्या धिम्या लयीत ऐकली तर जास्त अवघड वाटते, कमी नव्हे. त्यातला प्रत्येक स्वर वजनानं लागलेला दिसतो. आम्ही घरात तीस वर्षं चुकीच्या केसरबाईंवर प्रेम केलं असण्याची शक्यता आहे, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

यूट्यूबवर सगळं आहे, या मताला माझं उत्तर इथे आहे. आहे, पण कुठल्या नकलेची नक्कल, कुठल्या वर्षीची, कुठल्या वेगाची, हे बहुतेक वेळा नाही. कॅलसच्या डब्यातल्या पुस्तिकेत प्रत्येक मुद्रणाची तारीख, गाव, थिएटर, संचालक, सोबतचे गायक, सगळं आहे. १९५२च्या लंडनमधल्या 'नोर्मा'त क्लोतिल्देची चार ओळींची भूमिका करणारी मुलगी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली जोन सदरलँड, हे त्या यादीमुळे कळतं. केसरबाईंच्या मुद्रणात सारंगीवर कोण, तबल्यावर कोण, हे किती ठिकाणी लिहिलेलं सापडतं?

आता सावलीचा मुद्दा. समोर बसून ऐकण्याची सर कशालाच नाही, हे मलाही मान्य. पण रेकॉर्डिंगला दुय्यम मानणं ऑपेराला एक वेळ परवडेल, ख्यालाला नाही. कॅलसची एकही टेप उरली नसती तरी संगीतकार बेल्लीनीची 'नोर्मा' कागदावर उरली असती. दुसरी कुणी ती गाते, गात राहील. ख्यालात चीज दोन ओळींची असते. त्या रात्री त्या दोन ओळींतून जे उभं राहिलं तेच संगीत, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांनी मुद्रण करू दिलं नाही. १९४६ साली ते गेले आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून आपण त्यांचा अंदाज बांधतो. केसरबाई १९२१पासून त्यांच्याकडे शिकल्या, म्हणून त्यांच्या प्रत्येक मिनिटाला दोन पिढ्यांचं मोल आहे.

यात एक गोष्ट मला टोचते, आणि ती मी टाळणार नाही. केसरबाई ध्वनिमुद्रणाबद्दल फार जपून असत. तीन मिनिटांच्या तबकडीत त्यांचा ख्याल मावणारा नव्हताच. मग त्यांच्या मैफलींची लपूनछपून केलेली मुद्रणं आपण ऐकावीत का? कॅलसनंही १९६०च्या दशकातल्या आपल्या काही आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्यानं गायची गाणी, बाहेर येऊ दिल्या नाहीत; त्या तिच्या मृत्यूनंतर आल्या. त्या ऐकताना मला दर वेळी संकोच होतो, कारण आवाज थकलेला आहे आणि तिला ते ठाऊक होतं. तरी माझं मत असं झालंय की ऐकावं, मात्र 'हे कलावंतानं मंजूर केलेलं नाही' हे सोबत लिहिलेलं असावं. लपवून ठेवलेल्या टेपवर तेवढंही कुणी लिहीत नाही.

राहिलं 'तिकडं जपतात'. इटलीत ध्वनिमुद्रणांचा सरकारी संग्रह रोममध्ये १९२८ सालीच सुरू झाला, हे खरं. पण कॅलसच्या कितीतरी संध्याकाळी ज्यांनी वाचवल्या ती टेपरेकॉर्डर घेऊन बसलेली साधी माणसं होती, अगदी माझ्या आजोबांसारखी. वेडी माणसं दोन्हीकडे सारखीच निघाली. फरक पुढच्या पायरीवर पडला. इथल्या टेपा आज ना उद्या घराबाहेर पडल्या, आधी चोरट्या तबकड्यांवर, मग उघडपणे, आणि कुणीतरी त्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. आपल्याकडे 'माझ्याकडे आहे' यातला आनंद मोठा आहे. मी अशा घरी गेले आहे जिथे दिवा मंद करून अर्धा तास ऐकवतात आणि मग डबा कपाटात जातो. ऐकवणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं. पण टेप त्या कपाटातही सडते, आणि पुढची पिढी घर विकताना ती कबाडात देते.

वाट नाही असंही नाही. मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून आहे. तिथल्याच एनसीपीए या कलासंस्थेचा संग्रह आहे, गुरुग्रामला संगीताभ्यासाचं मोठं अभिलेखागार आहे. कायद्यानंही भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो, म्हणजे साठ वर्षांहून जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या आता सगळ्यांच्या आहेत. मला केसरबाईंचा १३१ सीडींचा डबा नको, तेवढं नाहीच. मला चारच सीडी हव्यात, पण प्रत्येकीवर खरी पट्टी, साथीदारांची नावं आणि 'कुठून मिळालं' हे लिहिलेलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस शांतता. मग मामांचा फोन आला.

"स्पूल खाली काढलंय. तारीख नाही त्याच्यावर."

"मामा, आजोबा स्वतः होते का त्या मैफलीला?"

"होते की. गिरगावात. पण टेप त्यांनी केली नाही, मित्राकडून नंतर उतरवून आणली." थोडं थांबून म्हणाले, "तुझी आजी सातव्या महिन्यात होती तेव्हा. तिला तशीच ठेवून गाणं ऐकायला मुंबईला गेले, म्हणून ती जन्मभर बोलून दाखवायची."

"कुणाच्या वेळी?"

"सुमनच्या."

सुमनमावशीचा जन्म जानेवारी १९६२चा. फोन चालू असतानाच मी बोटं मोजली, मामांनीही मोजली. संध्याकाळी त्यांनी डब्याचा फोटो पाठवला. आजोबांच्या शाईच्या अक्षराखाली मामांचं पेन्सिलीचं अक्षर होतं: 'गिरगाव, बहुधा नोव्हेंबर १९६१. मूळ नव्हे, नक्कल. वेग तपासणे.'