निकाल शंभर टक्के, पण शिकली किती?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत शाळांच्या फाटकांवर फलक लागतात: निकाल १०० टक्के. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या एका आकड्यावर शिक्षक चांगला की वाईट हे ठरवतात, ते मला मान्य नाही.

मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी न्यूटनचे नियम शिकवून चाचणी घेतली. व्याख्या जवळजवळ सगळ्यांच्या बरोबर. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: सरळ वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल असतं? हवेचा विरोध सोडून द्या. बहुतेकांनी लिहिलं, हाताचं! खरं तर हातातून सुटल्यावर त्याच्यावर फक्त पृथ्वीची ओढ असते. व्याख्येला पैकीच्या पैकी गुण घेणारी मुलंही त्यात होती. म्हणजे मी शिकवलं होतं, त्यांनी पाठ केलं होतं, आणि समज होती तिथेच.

रिचर्ड हेक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या अशाच चाचण्या तपासल्या. शिकवण्याआधी एक, नंतर एक. हिशेब साधा: आधी जे येत नव्हतं, त्यातलं किती आलं? २० वरून ६० वर गेलेलं मूल आणि ८० वरून ९० वर गेलेलं मूल, दोघांची कमाई सारखीच: जे येत नव्हतं त्यातलं निम्मं, म्हणजे ०.५. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत ही कमाई सरासरी ०.२३ निघाली, मुलं आपसात बोलून, करून पाहून शिकली तिथे ०.४८.

यंदा मी आधी प्रश्न टाकते, उत्तर लिहून घेते आणि सांगते, आता शेजाऱ्याला पटव. वाद कोकणी-मराठीत होतो. "हातांतल्यान सुटलो न्ही, मागीर हाताचो जोर खंय उरलो?" (हातातून सुटला ना, मग हाताचा जोर कुठे उरला?) असं एक मुलगी म्हणाली आणि सगळा बाक गप्प! प्राथमिक मराठीतून करून पाचवीत इंग्रजीत आलेली ही मुलं. 'फोर्स' पाठ होता, 'जोर' कळत होता.

पालकांची तक्रार आली, बाई वहीत काही उतरवून देत नाहीत. मुलांनाही वाटतं, शिकवलं कमी. हार्वर्डमध्ये २०१९ च्या अभ्यासात हेच दिसलं: विद्यार्थी जास्त शिकले, पण त्यांना वाटलं कमी शिकलो. म्हणून 'शिक्षक आवडतात का' एवढंच विचारून भागणार नाही.

धडा सुरू करण्याआधी आणि संपल्यावर तेच प्रश्न, एवढं प्रत्येक शाळेला जमेल. मात्र त्यावर कुणाची बदली किंवा बढती टांगू नका, नाहीतर तेही पाठ करून घेतलं जाईल.

बलाचे आठ प्रश्न मी मराठीत लिहून ठेवलेत. कुणा शिक्षकाला हवे असतील तर सांगा, पाठवते.