दमट हवेवर खापर फोडण्याआधी

कोकणातल्या बऱ्याच घरगुती ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किनाऱ्यावरच्या दमट हवेत प्रोसेसर थंडच होत नाही, म्हणून गेम खेळताना पीसी बंद पडतो. उपाय म्हणून कॅबिनेटचं साइड पॅनेल काढून समोर टेबल फॅन लावा. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला लेप) दरवर्षी भरपूर चोपडा, जमलं तर लिक्विड कूलरच (पाण्यासारखा द्रव फिरवून थंड करणारा) घ्या. एसी नसेल तर घरी जुळवलेला गेमिंग पीसी घेऊच नका. आणि पावसाळ्याचे चार महिने तो झाकून ठेवा.

हे वाचून आईवडील मुलांना सरळ नाही म्हणतात. ज्यांच्याकडे पीसी आहे ते कूलरवर पैसे घालतात आणि पीसी तरीही बंद पडतोच. पैसा कष्टाचा असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी दमट हवेचं बघू. दमट हवेत माणसाचा जीव घाबरा होतो, कारण घाम वाळत नाही. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला, म्हणजे हीटसिंकला, घाम येत नाही. त्याच्या पात्यांमधून हवा जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. ते काम दमट हवा कोरड्या हवेइतकंच करते. फरक पडतो तो हवेच्या तापमानाने. खोली एक अंशाने तापली की आतले भागही साधारण तेवढेच तापतात. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारी पारा ३२-३३ अंशांच्या आसपास असतो, विदर्भात तो ४५ला टेकतो. हवाच दोषी असती तर नागपूर-चंद्रपूरकडच्या पोरांनी गेमिंग केव्हाच सोडलं असतं. आपल्याकडे खोली तापते ती वेगळ्या कारणाने. जोरात चाललेला पीसी ४००-५०० वॅटची उष्णता सतत खोलीत सोडत असतो. माडीवरची स्लॅबखालची बंद खोली त्यात दोन तासांत भट्टी होते. खिडकी उघडी ठेवा, कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, कपाटात तर मुळीच कोंबू नका.

दुसरं, प्रोसेसर तापला की लगेच बंद पडत नाही. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. त्या मर्यादेशी आल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे आधी गेम अडखळतो, पंखे घोंगावतात, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच मशीन स्वतःला बंद करतं. काहीही न अडखळता, ऐन खेळात खट्कन स्क्रीन काळी होऊन पीसी पुन्हा चालू झाला, तर तापाआधी विजेवर संशय घ्या.

आणि इथेच कोकणातला खरा गुन्हेगार सापडतो. देवगडजवळच्या एका घरातला मुलगा सांगत होता, “काकानू, दिवसभर नीट चलता, तिन्हीसांजेक बंद पडता.” प्रोसेसरवर नवा कूलर बसवून झाला होता. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला आणि तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवायला सांगितली. संध्याकाळी पीसी बंद पडला तेव्हाची शेवटची ओळ पाहिली, तर प्रोसेसर ७१ अंश आणि ग्राफिक्स कार्ड ७४. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या कितीतरी खाली. मग इन्व्हर्टरच्या मागे हात घातला. तिथलं बटण ‘इको’वर होतं, ‘यूपीएस’वर नव्हतं. संध्याकाळी गावात पंप आणि दिवे एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, आणि इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर जायचा. त्या बदलात क्षणभर वीज तुटायची. घरातले दिवे जेमतेम लुकलुकायचे, कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

पीसी मात्र तेवढा वेळ तग धरू शकत नाही. पूर्ण भार असताना पॉवर सप्लाय, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, वीज गेल्यावर साधारण १० ते १७ मिलिसेकंदच धरून राहतो. इको मोडमध्ये इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. भार कमी असला तर हाच पॉवर सप्लाय बराच जास्त वेळ टिकतो, म्हणून यूट्यूब बघताना गेलेली लाइट पीसीला कळतही नाही आणि गेममध्ये मात्र तो पडतो. ‘गेम खेळतानाच बंद पडतो, म्हणजे तापतोय’ हा सगळा समज इथून आलाय. त्यातून इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (घरच्या लाइनसारखी गुळगुळीत साइन वेव्ह न देता चौकोनी लहर देणारा) असेल तर आजकालचे बरेच पॉवर सप्लाय त्यावर कुरकुरतात. फ्रिज, पंखे आणि वर ४५० वॅटचा पीसी एकाच छोट्या इन्व्हर्टरवर असेल तर बोलायलाच नको. पीसीसाठी साइन वेव्हचा वेगळा यूपीएस घ्या. लिक्विड कूलरला घालणार होतात ते पैसे त्याकडे वळवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो. हा पीसीचा नाही, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (मशीनमधल्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. कारण ती सांगत नाही.

निळी स्क्रीन आली किंवा गेम आपोआप डेस्कटॉपवर पडला तर बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) रॅम वाढीव वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो सेटिंग बंद करून बघा, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला इंटेल प्रोसेसर असेल तर बायोस नक्की अपडेट करा. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडत होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य करून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर बदलून मागायचा असतो, त्याच्यावर पंखा लावून उपयोग नाही.

साइड पॅनेल काढणं ही चाचणी म्हणून उत्तम आहे. काढल्यावर तापमान दहाएक अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा पुरेशी येत नाही, समोरची जाळी धुवा, पंख्यांच्या दिशा तपासा. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर पॅनेल परत लावा. कायम उघडं ठेवणं मात्र किनाऱ्यावर घातक आहे, कारण आपल्या वाऱ्यात मीठ असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत रोज दिसतं तेच मदरबोर्डवरच्या धुळीत घडतं, आणि अशी ओली खारट धूळ वीज वाहून नेते. हर्णैला समुद्राकडे तोंड असलेल्या घरातलं एक उघडं कॅबिनेट पाहिलं होतं. स्क्रूंची डोकी गंजून सोलली होती, हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरली होती, आणि पॉवर सप्लायमध्ये पालीची अंडी. समोर बारीक नायलॉनची जाळी लावा, आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटींमधून धूळ शिरत नाही.

थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, आणि चांगली पेस्ट काही वर्षं सहज टिकते. जाड थर उलट उष्णता अडवतो. लिक्विड कूलरसुद्धा उष्णता शेवटी त्याच खोलीच्या हवेत सोडतो, शिवाय त्याचा पंप बंद पडू शकतो.

एसीचं म्हणाल तर तो असला तर बरंच, पण अट म्हणून नाही. उलट एक धोका कुणी सांगत नाही. मे महिन्यात आपल्याकडचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते तो, २५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर २० अंशांवर एसी चालवून सकाळी खिडक्या सताड उघडल्या, तर बंद पीसीच्या गार पत्र्यावर पाणी धरतं. एसी २६-२७वर ठेवा, आणि खोली उघडल्यावर तासभर थांबून मगच पीसी लावा.

राहिला पावसाळा. चार महिने झाकून ठेवणं हा मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला. प्लास्टिकखाली ओल कोंडते, बुरशी धरते, मुंग्या घर करतात. चालू पीसी आतून गरम राहतो, त्यामुळे आतली सापेक्ष आर्द्रता खाली येते. म्हणून जुलैत विजा कडाडत नसतील तेव्हा रोज तासभर तरी तो चालवा. कडाडत असतील तर पिन भिंतीतून काढा आणि इंटरनेटची वायरही काढा, कारण वीज त्या वायरीनेही आत येते. गणपतीच्या आधी घर साफ करताना कॅबिनेट उघडून पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा आणि रॅमच्या पट्ट्या काढून टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.