तीस हजारांचे बिडाचे भांडे आणि आपले स्वयंपाकघर

काचेचा मुलामा दिलेले जाड, रंगीत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भांडे घ्यावे का, हा प्रश्न हल्ली सांगली-मिरजेतल्या ओळखीच्या घरांतून वारंवार कानावर येतो. पुण्यात किंवा परदेशात असलेली मुले मोठ्या प्रेमाने 'पाठवू का' म्हणून विचारतात आणि किंमत ऐकून घरची माणसे गोंधळतात. माझे मत असे आहे की, ज्या घरात भाकरी, आमटी आणि रस्सा रोज होतो व डाळ कुकरमध्ये शिजते, त्या घराने या भांड्यावर वीस-तीस हजार रुपये खर्च करू नयेत.

उत्तर फ्रान्समधील फ्रेनवा-ल-ग्रां या गावी 'ल क्रूझे' ही कंपनी १९२५ पासून अशी भांडी घडवते. ओतीव बिडावर काचेच्या बारीक पुडीचा थर देऊन ते सुमारे ८०० अंश सेल्सियसला भाजले की काच वितळून धातूला घट्ट धरते. हा थर सर्वत्र सारखा बसवणे कसबाचे काम आहे आणि त्या कसबाचे मोल कारागिराला मिळालेच पाहिजे. परंतु ज्या गुणासाठी या भांड्याची वाखाणणी होते, तो उष्णता धरून ठेवण्याचा गुण काचेचा नसून खालच्या बिडाचा आहे, आणि बिडाचाही तो मुख्यतः वजनामुळे आहे, कारण एक किलो ॲल्युमिनियम एक किलो बिडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता साठवते. म्हणूनच तेवढ्याच जाडीची, मुलामा नसलेली साधी बिडाची कढई बाजारातून दीड-दोन हजारांत आणली, तरी तिच्यात भरली वांगी तितकीच खमंग होतात. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि जिथल्या शेतकऱ्यांनी ओतीव लोखंडाचे नांगर शेतात चालवले, तिथे बिडाच्या टिकाऊपणाविषयी कोणाला वेगळे सांगावे लागू नये.

भाकरीचा विचार केला तर हे भांडे आपल्या चुलीला मुळीच मानवत नाही. तवा कोरडा असतानाच चांगला तापवावा लागतो, भाकरीला वरून पाणी फिरवावे लागते आणि ते तव्यावरही पडते. मुलाम्याचे भांडे मात्र रिकामे तापवू नये व तापल्यावर त्यावर गार पाणी पडू देऊ नये, कारण काच आणि बीड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मुलाम्याला तडा जातो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. उघड्या, म्हणजे मुलामा नसलेल्या, बिडात शिजवलेल्या पदार्थात थोडे लोह उतरते. मुलामा ते उतरू देत नाही. कढई हे औषध नव्हे आणि रक्तक्षयावर उपचार डॉक्टरांनीच करायचे, तरीही जो लाभ साध्या कढईत आपोआप मिळतो, तो घालवण्यासाठी दसपट पैसे मोजणे मला पटत नाही.

मुलाम्याची खरी बाजू आंबटाच्या पदार्थांत दिसते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घातलेली आमटी उघड्या बिडात ठेवली तर काळपट पडते आणि तिला लोखंडाची चव येते. मुलाम्याच्या भांड्यात तसे होत नाही. पण हे काम स्टीलचे जाड बुडाचे पातेले किंवा कल्हई केलेले पितळी पातेलेही चोख करते, आणि झाकणासह रिकामेच चार किलोंच्या घरात जाणारे हे भांडे भरल्यावर उतरवताना वयस्क बायकांच्या मनगटांवर जो ताण पडतो, तोही टळतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे, जे घरी पाव भाजतात किंवा मटण झाकणाखाली तीन-चार तास मंद आचेवर ठेवतात, त्यांना हे भांडे उपयोगी पडेल. त्यांनीही आधी देशी बनावटीचे, पुष्कळ कमी किमतीचे भांडे पाहावे. ज्यांच्या घरी ते आधीच आले आहे, त्यांनी त्यात लाकडी उलथने वापरावे, आच मध्यम ठेवावी आणि भांडे पूर्ण निवल्यावरच घासायला टाकावे.