दादाची भूक

दादाला विचारून लिहितेय. "आकडा सोडून काय लिहायचं ते लिही," म्हणाला. म्हणून वजनाचा आकडा नाही. गोळ्या सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत त्याच्या सगळ्या पँटी बाद झाल्या, एवढं सांगते.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापिन ही त्यावरची गोळी सुरू झाली आणि भिंतीशी बोलणं थांबलं. आईनं सिद्धेश्वराला नारळ फोडला. त्याच महिन्यात रात्री दोनला स्वयंपाकघरात डबे वाजायला लागले. कडक भाकरी, शेंगाचटणी, उरलेला भात, हाताला लागेल ते. आई खूश, "अंगाला लागतंय पोराच्या." मग मामा आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बे, बसून बसून लई सुटलास की!"

बसून नव्हे. मेंदूत हिस्टामिन आणि सिरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं असतात. ही गोळी त्यांच्या काही जागा अडवते, त्यामुळं भूक पेटते. जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा भूक लागते. याच आजारावरच्या क्लोझापिन या दुसऱ्या गोळीचंही तेच. त्यात हा आजारच उठायची उमेद खातो. अशा माणसाला आपण सांगतो, कमी खा, रोज चाल. वर्षभर मीही हेच सांगत होते, स्कूटी चालू करता करता.

तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा. आम्ही ज्या ओपीडीत जायचो तिथं वजनकाटा दाराशीच होता. दोन वर्षांत दादाला त्यावर कुणी उभं केलं नाही. मीही "करा" म्हटलं नाही, हे कबूल.

मग वाचायला लागले. अमेरिकेत मेरीलँडमध्ये अशा 291 जणांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये छापून आला. ही माणसं ज्या केंद्रांत एरवीही यायची तिथंच एकत्र व्यायाम, खाण्याबद्दल बोलणं, आणि हे तब्बल 18 महिने. बाकीच्यांच्या तुलनेत फरक पडला सरासरी 3.2 किलोचा. जिमवाले हसतील. पण वजन शेवटपर्यंत हळूहळू उतरत राहिलं, मला ते मोठं वाटतं. उलट ब्रिटनमध्ये 414 जणांना आठवड्याला एक असे चार वर्ग दिले, पुढं अधूनमधून उजळणी आणि संपर्क. वर्षानंतर वजनात काहीच फरक नाही. मी डॉक्टर नाही, पण मला यातून एकच दिसतं. माहिती दादालाही आहे, बरोबर चालायला माणूस नाही.

फिरायला सगळे सकाळचं सांगतात. रात्री ही गोळी घेतलेल्या माणसाला सहाला उठवून दाखवा! आणि आपल्याकडं सोलापुरात मे महिन्यात संध्याकाळी सहालाही रस्ता भाजतो. म्हणून आम्ही साडेसातला निघतो. पार्क चौक, सिद्धेश्वर, परत. वाटेत भजीचा गाडा लागतो. शनिवारी एक प्लेट, दोघांत, असा करार आहे. (मोडतो. बहुतेक वेळा मीच मोडते.)

एक गोष्ट मात्र घरोघरी सांगा. वजनाला कंटाळून दादानं मध्ये गोळ्या बंद केल्या होत्या, तुळशीच्या कुंडीत पुरायचा. तीन आठवड्यांत कानात ऐकू येणारे आवाज परत आले. गोळी बदलता येते, काहींना मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी जोडून देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. कुणाशी बोलावं ते कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे.

आणि सोलापुरात एवढी मंडळं आहेत. एखाद्याच्या हॉलमध्ये रोज तासभर अशी दहा माणसं एकत्र चालली, वाकली, घाम गाळला तर किती खर्च येईल? कुणाचा हॉल असेल तर सांगा, चटया मी आणते.

मागच्या महिन्यात मला ताप होता. साडेसातला दादा चप्पल घालून दाराशी उभा. म्हटलं, आज एकटा जा. गेला नाही. आईला घेऊन गेला. सिद्धेश्वरापर्यंत चालत, येताना आईचे गुडघे बोलले म्हणून रिक्षानं.